‘टेलिजेनिक’ : उपजत गुण की प्रकाशाची निर्मिती?

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ज्याचे रूप खुलून दिसते त्यास ‘टेलिजेनिक’ म्हणतात, आणि वृत्तनिवेदकाच्या निवडीपासून निवडणुकीच्या उमेदवारीपर्यंत हा शब्द आता योग्यतेच्या दाखल्याप्रमाणे पुढे केला जातो. त्याच्या समर्थनार्थ असे सांगतात की, त्यातील उत्तरपद आनुवंशिकतेतील ‘जीन’ या शब्दापासून आले असल्यामुळे पडद्यावर शोभणे ही उपजत देणगी होय. ती ज्यास लाभली त्यास लाभली, इतरांचे यत्न व्यर्थ. हे मत व्युत्पत्तीच्या दृष्टीने अग्राह्य आणि व्यवहाराच्या दृष्टीने अनर्थकारक आहे.

प्रथम व्युत्पत्तीचा निवाडा करू. रौप्यक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर झाडाची पाने ठेवून, उन्हाच्या योगे उमटविलेल्या त्यांच्या आकृती विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३९ साली ‘फोटोजेनिक’ या विशेषणासह विद्वानांपुढे मांडल्या, तेव्हा त्या विशेषणाचा अर्थ ‘प्रकाशापासून उत्पन्न झालेले’ एवढाच होता. ‘जीन’ ही संज्ञा तर वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०९ साली, म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी घडविली. आपल्या ‘जन्’ धातूशी सगोत्र असलेले ग्रीक मूळ दोहोंस समान आहे हे खरे. परंतु मूळ एक असल्याने एक शब्द दुसऱ्याचे अपत्य ठरत नाही. पुढे चित्रपटाच्या भरभराटीच्या काळात ‘फोटोजेनिक’ हे विशेषण छायाचित्रात शोभणाऱ्या माणसास लागू झाले, आणि १९३९ च्या सुमारास, अमेरिकेत दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू होत असताना, त्याच धर्तीवर ‘टेलिजेनिक’ हा शब्द बनला.

आता व्यवहाराची साक्ष घेऊ. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी वादसभा झाली, तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले निक्सन फिकट करड्या पोशाखात मागच्या पडद्याशी मिसळून गेले, आणि दाढीची निळसर झाक लपविण्यासाठी फासलेल्या पावडरीखाली त्यांचा चेहरा अधिकच ओढलेला दिसला. उलट गडद पोशाखातील केनेडी पडद्यावर ठसठशीत उठून दिसले. मात्र पुढील वादसभेच्या वेळी निक्सन यांची प्रकृती सावरली होती, रंगभूषाही नीट झाली होती, आणि तोच चेहरा पुष्कळ तरतरीत दिसला. गुण उपजत असता तर तो थोड्या दिवसांत पालटता ना.

म्हणून आमचा सिद्धान्त असा की, ‘टेलिजेनिक’पणा हा चेहरा, प्रकाश, भिंग आणि रंगभूषाकाराचा हात यांच्या संयोगातून निपजणारा परिणाम आहे. मराठी माणूस ‘तिचा फोटो चांगला येतो’ असे म्हणतो, तेव्हा वाक्याचे कर्तेपद तो फोटोला देतो, आणि हाच विवेक पडद्याबाबतही राखला पाहिजे. निवेदकाची पारख शुद्ध उच्चार व विषयाची समज यांवरून व्हावी, लोकप्रतिनिधीची त्याच्या विचारावरून व कारभारावरून. रूप खुलविण्याची जबाबदारी प्रकाशयोजनाकाराची आहे, आणि तिच्या यशापयशावर कोणाही माणसाची लायकी ठरविणे हा उघड अन्याय होय.