रिकाम्या जागा भरा

अर्ज हा आपल्या समाजजीवनाचा उंबरठा आहे. शिष्यवृत्ती असो, जातीचा दाखला असो की वसतिगृहातील जागा असो. प्रत्येक हक्काच्या दाराशी एक कोरा नमुना उभा असतो. ज्याला तो नीट भरता आला तो आत गेला. ज्याला आला नाही तो बाहेर राहिला. म्हणूनच अर्जाची मांडणी हा विषय वरवर रूक्ष वाटला, तरी माझ्या मते तो सामाजिक न्यायाचा विषय आहे.

आज कागदी नमुन्याची जागा पुष्कळ ठिकाणी पीडीएफने घेतली आहे. अडोबी कंपनीने १९९३ साली हा प्रकार आणला. १९९६ मध्ये त्यात भरता येण्याजोगे रकाने आले आणि २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आता खाडाखोड संपेल, खेपा वाचतील, असे वाटले होते. प्रत्यक्षात पुष्कळदा जुनाच कागद पडद्यावर चढवून त्यावर रकाने चिकटवले जातात. कागद गेला; पण अर्जदाराला ताटकळत ठेवण्याची वृत्ती गेली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. साहजिकच गल्लीतले अडलेले अर्ज माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी शेजारच्या काकांनी मुलीचा परत आलेला अर्ज दाखवला. शेरा होता, 'पत्ता अपूर्ण'. नमुन्यात पत्त्यासाठी एकच ओळ! मुक्काम, पोस्ट, तालुका लिहिताना मजकूर सरकत गेला. रकान्याने तो मुकाट्याने घेतला. छापील प्रतीत मात्र जिल्हा आणि पिनकोड उमटलेच नाहीत. त्या रकान्याला अनेक ओळींची मुभा देणे हे नमुना बनवणाऱ्याचे क्षणाचे काम. ते झाले नाही, म्हणून काकांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. या नुकसानीची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

आपल्या भाषेची तर वेगळीच कुचंबणा. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे; पण युनिकोडच्या हिशेबात जोडाक्षरांचे भाग, हलन्त आणि काने-मात्रा सुटे धरून ते दहा चिन्हांचे होते. इंग्रजीच्या मापाने रकान्याला अक्षरमर्यादा घातली, तर मराठी नाव मध्येच तुटणार हे उघड आहे. आकड्यांच्या रकान्यात आपण मराठी ५ लिहावा आणि त्याने तो नाकारावा, हेही अनेकदा घडते. मराठी अंक चालत नसतील तर तसे आधी स्पष्ट लिहा. त्याहून बरे म्हणजे दोन्ही चालू द्या!

नावाचेच पाहा. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नाव लिहावे. निर्णय स्वागतार्हच आहे. पण नमुन्यात नावासाठी तीनच रकाने राहिले, तर आईने बसायचे कोठे? रकाना लहानसा दिसतो. परंतु कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे तोच ठरवतो.

चांगला नमुना करणे अवघड नाही. काय लिहायचे ते रकान्याच्या वर, साध्या मराठीत असावे. तारखेचा रकाना असेल तर शेजारी उदाहरण द्यावे. टॅबची कळ दाबली की वाचनाच्या क्रमानेच पुढचा रकाना यावा. नावावरून उडी थेट सहीवर नको. एकच नाव तीन ठिकाणी हवे असेल तर त्या तिन्ही रकान्यांना एकच अंतर्गत नाव दिले, की एकदा लिहिलेले सर्वत्र उमटते. आणि प्रत्येक रकान्याला वर्णन जोडावे. आपल्या अंध मित्रांसाठी संगणक तेच वर्णन वाचून दाखवतो. ते नसेल तर त्यांना 'टेक्स्ट १७' असले काहीतरी निरर्थक ऐकू येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरही हे चालावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

काही जण म्हणतील, लोकांनीच शिकायला हवे. शिकावे, जरूर शिकावे! पण एक माणूस नमुना बनवतो आणि हजारो माणसे तो भरतात. एकाने घंटाभर विचार करावा की हजारांनी हेलपाटे घालावेत, याचे उत्तर द्यायला अर्थशास्त्राचा पेपर सोडवावा लागत नाही. दुसरे म्हणतील, आता सारे थेट संकेतस्थळावरच भरतात. परंतु जेथे नेटवर्क येते-जाते, तेथे उतरवून घेऊन सवडीने भरता येणारी पीडीएफ अजूनही मोठा आधार आहे.

मित्रहो, कला शाखेचे विद्यार्थी संगणकाच्या काय कामाचे, असे आपल्याला ऐकवले जाते. मला वाटते, नेमके येथेच आपले काम आहे. सोपा, नेमका आणि माणुसकीचा प्रश्न विचारणे ही भाषेची कसोटी आहे. आपल्या महाविद्यालयातील ग्रंथालयाच्या व शुल्कसवलतीच्या अर्जांपासून सुरुवात करू या. मराठी विभागाने शब्द द्यावेत, संगणक कक्षाने रकाने बांधावेत आणि नमुना बाहेर पडण्यापूर्वी तो एखाद्या कमी शिकलेल्या पालकाच्या हाती द्यावा. ते जेथे अडतील, तेथे नमुना चुकला असे समजावे, पालक नव्हे.

— द्वितीय वर्ष, कला