पोरांची शाळा खर्चाच्या खात्यावर मांडूं नका

आमच्या खेड्यांतून घरोघर एक हिशेब तोंडीं चालत असतो. बैलजोडी घेतली तर तें भांडवल; विहीर पाडली तर तें भांडवल; सुताराचा रंधा-करवत, लोहाराची ऐरण, शिंप्याचें यंत्र, हें सारें भांडवल. पण पोराची वही, पोरीचा गणवेश, एस. टी. चा पास, हा मात्र खर्च! सालीं पाऊस हुकला कीं पहिली कात्री ह्याच खर्चाला लागते. बैल विकण्यापूर्वीं घरधनी चार रात्री तळमळतो. पोरीचें नांव शाळेंतून काढावयाला त्याला एक सकाळ पुरते. हा हिशेब चुकीच्या बाजूस मांडलेला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वाचकहो, जमिनीचें काय झालें तें तुम्ही डोळ्यांनीं पाहिलेंच आहे. आज्याचे वीस एकर चार पोरांत वांटले गेले, बापाच्या वांट्याला पांच आले, आणि त्या पांचाचे पुन्हां तीन तुकडे झाले. ज्ञानाची वांटणी अशी होत नाहीं. चार भाऊ शिकले तर चौघांनाही तें सबंध मिळतें. सावकाराला त्यावर जप्ती आणतां येत नाहीं. लोहाराचेंच पाहा. गाडीच्या चाकाला लोखंडी धांव बसविणें हा त्याचा हुकमी धंदा होता. रबरी चाकें व ट्रॅक्टर आले आणि तो धंदा बसला. ज्याचें पोर मापें वाचावयास, नकाशा समजावयास व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन जोडकाम शिकलें, त्याच्या दारांत आज ट्रॉल्या उभ्या राहतात. ज्याचें पोर चौथींतून उठलें, तें त्या ट्रॉल्यांचें लोखंड उचलतें. हात दोघांचेही सारखेच कसबी होते.

थिओडोर शुल्ट्झ नांवाचे एक अमेरिकन अर्थशास्त्री होऊन गेले. त्यांचा जन्म १९०२ सालीं एका शेतकऱ्याच्याच घरीं झाला होता. त्यांनीं १९६० सालच्या आपल्या भाषणांत अर्थशास्त्र्यांना बजाविलें कीं, माणसाच्या शिक्षणावर व आरोग्यावर लागणारा पैसा हा खाऊन टाकलेला पैसा नव्हे, ती भांडवलाची गुंतवणूक आहे. महायुद्धांत युरोपांतील कारखाने जमीनदोस्त झाले, तरी ते देश लवकर उभे राहिले. कारण इमारती पडल्या, पण लोकांच्या अंगचें ज्ञान शाबूत होतें. ह्या भांडवलाला त्यांनीं ‘मानवी भांडवल’ म्हटलें. १९७९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें दुसरें म्हणणें आम्हांला अधिक मोलाचें वाटतें. अडाणी म्हणून शेतकरी मूर्ख असतो, हें त्यांनीं साफ नाकारलें. आहे त्या साधनांत शेतकरी चोख शेती करतो. पण नवें बीं, नवें खत, नवें औषध आलें म्हणजे जुना अनुभव एकटा पुरा पडत नाहीं, आणि तेथें शिक्षणाचें मोल वाढतें. गरीब देशांतील शेतीच्या अनेक पाहण्या एकत्र करून १९८० सालीं असें आढळलें कीं, चार वर्षें शाळा शिकलेल्या शेतकऱ्याचें उत्पन्न न शिकलेल्यापेक्षां सरासरीनें शेंकडा सातांच्या आसपास अधिक येतें. जेथें शेतीची रीत बदलत होती तेथें हा लाभ ह्याहून बराच मोठा होता. जेथें ती आज्यापणज्याचीच होती तेथें जवळजवळ नव्हताच.

आपली शेती आतां आज्यापणज्याची राहिली आहे काय? औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल. तो कळला तरी एका पंपाला किती मिलिलिटर घालावयाचें, हें मुंगीच्या अक्षरांत छापलेलें असतें. माती तपासणीचा कागद, पीक विम्याची मुदत, सात-बाराचा उतारा, बँकेच्या कर्जाचें व्याज, ह्यांतलें कांहींही आतां नुसत्या नजरेनें ओळखतां येत नाहीं. वाचतां न येणाऱ्याला दुकानदार सांगेल तें औषध आणि मध्यस्थ सांगेल तें व्याज.

हें आजच कोणाला सुचलें असें मात्र नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना जोतीराव फुल्यांनीं सांगितलें कीं, सरकारच्या तिजोरींत येणारा मोठा भाग रयतेच्या घामाचा आहे, तेव्हां शिक्षणाचा खर्चही आधीं रयतेच्या पोरांवर व्हावा. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी सक्तीचें करावें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. पुढें साताऱ्याच्या बोर्डिंगांत धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवूं घातलें. सोन्याचें रूपांतर कोणत्या भांडवलांत करावें, हें त्या माउलीला शुल्ट्झसाहेबांच्या पुष्कळ आधीं कळलें होतें.

आतां कायदा सबंध देशाला आहे. २००९ सालीं तो झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचें शिक्षण हा त्याचा हक्क ठरला. मग दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतल्या, पाथर्डी-जामखेडच्या बाजूच्या शाळांतून बांक ओस कां पडतात?

वाचकांना कारण ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. गाडी भरली कीं पोरेंही तिच्यावर चढतात, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, क्वचित् कर्नाटकांतही, कारखाना नेईल तिकडे जातात. आई पहाटेच फडांत उतरते. तेव्हां दहा वर्षांची पोर कोपीवर तान्हें सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. तिच्याहून मोठा भाऊ वाढ्याच्या पेंढ्या बांधतो. शाळा जूनची, हंगाम दिवाळीचा. म्हणजे वर्षाचा पहिला भाग मूल शिकतें आणि मार्च-एप्रिलांत परत येईपर्यंत शिकलेलें विसरतें. अशीं तीन सालें गेलीं कीं तें मूल पटावर असतें, पण वर्गांत बसावयाला लाजतें. मुलगी असेल तर पंधराव्या-सोळाव्या वर्षीं लग्न उरकून नवा कोयता उभा करतात. कायदा अठरा वर्षें म्हणतो; उचल तितकें थांबत नाहीं.

आईबापांना आम्ही दोष देत नाहीं. कर्ज अंगावर असलेल्याला पोर कोठें ठेवूं हा खरा प्रश्न आहे, आणि म्हाताऱ्या सासूच्या भरंवशावर वयांत आलेली मुलगी टाकून जाणें सोपें नाहीं. पण त्यांच्याच हिशेबाची एक बाजू त्यांच्यापुढें ठेवतों. हंगाम संपल्यावर किती टन तोडले, काट्यावर किती भरले, कितीला लावले, उचलीतून किती फिटली, हें कोण सांगतो? मुकादम. त्याच्या वहींत जें असेल तें. बाकी निघाली कीं ती पुढच्या सालावर, आणि पुढच्या सालीं पुन्हां तोच फड. घरांत एक जरी पोर काट्याची पावती वाचणारें व टनाचा दर गुणणारें असेल, तर त्या वहीला जाब विचारतां येतो. पोर फडावर नेल्यानें चार पेंढ्यांचे पैसे येत असतील. पण ही वही तपासणारा माणूस मात्र घरांत कधीं तयार होत नाहीं. दुष्काळांतही आमचा कुणबी बियाण्याच्या कणगीला हात लावतांना दहादां विचार करतो. येथें ती कणगी दरसाल रिकामी होत आहे.

आतां थोडें कडू बोलतों. पूर्वीं शेटजी-भटजींकडे बोट दाखवितां येई. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं सहकारी कारखाना उभारल्यापासून पुष्कळ कारखान्यांच्या संचालक मंडळांत आमचेच बांधव बसले आहेत. ऊस लावणारा आमचा, तोडणाराही आमचा. कारखान्यानें शाळा-कॉलेजें काढलीं, हें भूषणावह आहे. परंतु ज्याच्या कोयत्यावर गव्हाण चालते त्याचें मूल त्या कॉलेजाच्या भिंतीबाहेर कोपींत बसलेलें असावें, ह्याचें उत्तर कोणी द्यावयाचें? शासनानें हंगामी वसतिगृहें काढलीं, २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजनाही मंजूर केली. पण वसतिगृह गाड्या निघून गेल्यावर उघडलें तर त्याचा उपयोग शून्य.

कोणी म्हणेल, शिकून तरी काय होतें? शिकलेलीं पोरें पारावर बसलींच आहेत. हा आक्षेप खोटा नाहीं. २०२२ सालच्या ‘असर’ पाहणींत देशांतल्या खेड्यांतील पांचवीच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ४३ मुलांनाच दुसरीचा धडा वाचतां आला. म्हणजे वर्षें भरलीं, विद्या भरली नाहीं. अशा नांवापुरत्या शिक्षणाला आम्ही भांडवल म्हणत नाहीं. तें फाटक्या पोत्यांत भरलेलें धान्य होय, आणि पोतें शिवण्याचें काम मास्तर मंडळींचें आहे. जोतीरावांना शिक्षक हवा होता तो वेळ पडल्यास नांगर धरणारा, वाकस चालविणारा. भाऊरावांनीं पोरांना कमवीत शिकविलें, म्हणून तीं पोरें हातानेंही पांगळीं झालीं नाहींत. अंगाला माती लागूं न देणारें शिक्षण आम्हांलाही नको आहे.

तेव्हां ह्या सालीं करावयाचें तें असें. दसऱ्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या शाळा व्यवस्थापन समितीनें बसून कोणाचें मूल जाणार ह्याची नांवनिशीवार यादी करावी आणि ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोंच घेऊन द्यावी. हंगामी वसतिगृह गाड्या भरण्याच्या आधीं उघडावें असा ठराव ग्रामसभेंत मांडावा. मुलींसाठीं रात्रीं बाई राहील अशी सोय त्यांत स्पष्ट लिहावी. जीं मुलें जातीलच, त्यांच्या आईबापांनीं शाळेकडून शिक्षणाची हमीपत्रें मागून घ्यावीं व फडाजवळच्या शाळेंत दाखवावीं. तेथील मास्तरांनीं तीं नाकारूं नयेत. आणि ऊसवाल्या बागाईतदारांनीं टोळी आपल्या रानांत उतरली कीं आधीं कोपींतलीं पोरें मोजावीं, मग ऊस दाखवावा.