मापं आमची, निविदा त्यांची

मी चेन्नईत, वेलचेरीला राहते आणि व्हीलचेअर वापरते. सरकारी निविदा हा माझ्यासाठी कंटाळवाणा विषय नाही. मी घराबाहेर पडणार की नाही, ते तिथे ठरतं.

शहरी बसच्या केंद्रीय विनिर्देशांत तळाच्या तीन उंची आहेत: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 400 असेल तर मी उतरत्या फळीवरून स्वतः आत जाते. 900 असेल तर मला उचलावं लागतं. तमिळनाडू सरकार उंच बस घेऊ लागलं, तेव्हा इथल्या अपंग हक्क कार्यकर्त्यांना मद्रास उच्च न्यायालय गाठावं लागलं. सरकारने खराब रस्ते आणि तुंबणारं पाणी पुढे केलं. पाणी तुंबतं, हे वेलचेरीकरांना कुणी सांगायला नको. पण रस्ता खराब म्हणून प्रवासीच वगळायचा, हा कुठला न्याय?

जे निविदेच्या मसुद्यावर बोलायला हवं होतं, ते कोर्टात बोलावं लागलं. व्हीलचेअर, श्रवणयंत्रं, निवासगृहं, काळजीवाहकांची कंत्राटं यांचीही तीच गत. अटी कार्यालयात लिहितात, सर्वांत कमी दर जिंकतो आणि आम्हाला बोलावणं येतं ते वाटपाच्या फोटोसाठी. काळजीच्या कंत्राटात दर कशातून उतरतो? बहुधा काळजी घेणाऱ्या बाईच्या पगारातून. ती महिन्याभरात सोडून जाते आणि माझं अंग पुन्हा नव्या, अनोळखी हातांत.

म्हणे, वापरणाऱ्यांना खरेदीतलं काय कळतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माळ्यावर पडलेली फुकट खुर्ची हीच सर्वांत महाग खरेदी. हितसंबंधांची भीती वाटत असेल, तर दरांचे लिफाफे आमच्यापुढे उघडू नका. पण अटी लिहिताना, नमुना तपासताना आणि कंत्राटाचं नूतनीकरण करताना आम्ही हवेच. मताला वजन हवं आणि बैठकीचं मानधनही. भारताने 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं चौथं कलम अपंगांशी सल्लामसलत बंधनकारक करतं. ही मेहरबानी नव्हे.

2025 मध्ये तमिळनाडूने स्थानिक संस्थांत अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला. या सदस्यांना सत्कारापुरतं बसवू नका, खरेदी समितीत घ्या. महाराष्ट्रातही स्थानिक संस्थांना दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखावा लागतो. तिथल्या वाचकांनी आपल्या नगरपालिकेला एवढंच विचारावं: या पैशातून काय घ्यायचं, हे ठरवताना खोलीत कोण होतं?