विश्लेषण : दिवे न विझवता अंधार कसा राखता येतो? पेंचलगतच्या गावांत काय बदलले?

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेकडून तो मिळवणारे हे भारतातील पहिले ठिकाण. मात्र त्यासाठी मुख्य काम करावे लागले ते जंगलालगतच्या गावांतील दिव्यांवर.

गावांत काय केले?

वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरहून अधिक दिवे बदलून त्या जागी फक्त जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. रस्त्यावरचा उजेड राहिला, आकाशाकडे जाणारा थांबला.

दिशा आणि रंग महत्त्वाचे का?

उघड्या दिव्याचा काही प्रकाश आडवा आणि वर जातो. हवेतील धूळ, बाष्प यांवर तो विखुरतो आणि तारे झाकोळले जातात. या वाया गेलेल्या प्रकाशाचे बिलही ग्रामपंचायत किंवा पालिकाच भरते. निळा प्रकाश अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते यामुळेच. पांढऱ्याशुभ्र एलईडीमध्ये निळ्याचे प्रमाण जास्त असते. म्हणून ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर प्रकाशाचा आग्रह धरला जातो.

शहरांत हे जमते का?

अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराने १९५८ मध्येच जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली. १९८९ मध्ये तेथे एकरी किती प्रकाश वापरता येईल, याची मर्यादा ठरली. २००१ मध्ये हे शहर जगातील पहिले ‘डार्क स्काय सिटी’ ठरले. फ्रान्समध्ये २०१८ च्या आदेशानुसार दुकानांच्या काचेमागील दिवे रात्री एकपर्यंत बंद करावे लागतात.

भारतात नियम आहेत का?

लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाले. पण देशभरासाठी स्वतंत्र नियम नाहीत. आवाजासाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, त्यात डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या मैदानाचा फ्लडलाइट रात्रभर बेडरूममध्ये येत असेल, तर तक्रारीत दाखवायला असा आकडाच नाही.

कायद्याची वाट पाहावी लागेल का?

तशी गरज नाही. पथदिवे स्थानिक संस्थाच खरेदी करतात. वरून झाकलेला दिवा, ३००० केल्विनची मर्यादा आणि मध्यरात्रीनंतर प्रकाश मंद करण्याची सोय, या तीन अटी निविदेत घालता येतात. एलईडी दिवा एकदा बसला की वर्षानुवर्षे चालतो. त्यामुळे चुकीचा दिवा घेतला, तर ती चूकही तितकीच वर्षे खांबावर राहते.