बारावीत शिकलेलं कॉलेजात पुन्हा कशाला?

समजा, तुम्ही कुंभिवलीत राहता. अकरावी-बारावीला सायन्ससोबत बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलंत. 200 मार्कांचा विषय, सी++ आणि एचटीएमएल सगळं झालं. आता बीएस्सी आयटीला अॅडमिशन घेतली, तर पहिल्याच सेमिस्टरला पुन्हा 'लूप म्हणजे काय?' कर्जतच्या बाजूचं कॉलेज असेल तर त्यासाठी खोपोलीहून सकाळची लोकल पकडायची. लाइन सिंगल, गाड्या मोजक्या. एक चुकली की लेक्चर गेलंच.

मग बारावीतलं ते शिक्षण कुठे मोजलं जातं?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे पदवीला सेमिस्टरमागे 20 ते 22 क्रेडिट्स लागतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. हे क्रेडिट्स अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर शाळेचे तासही क्रेडिटमध्ये मोजायची सोय आहे. ऐकायला भारी वाटतं ना? पण गोम इथेच आहे. या आराखड्यात बारावी लेव्हल 4 वर आणि पदवीचं पहिलं वर्ष 4.5 वर. म्हणजे बारावीचे क्रेडिट्स तुम्हाला पदवीच्या दारापर्यंत आणतात, आतला एकही पेपर आपोआप कमी करत नाहीत.

अमेरिकेत शाळेतच 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट'चे पेपर देता येतात. 5 पैकी 3 किंवा जास्त गुण मिळाले तर अनेक विद्यापीठं क्रेडिट देतात किंवा थेट पुढच्या कोर्सला बसवतात. आपल्यालाही ही कल्पना नवी नाही. दहावीनंतर डिप्लोमा केलेला मित्र इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतोच की! आयटीआयवाल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. मग बीएस्सीलाच अडचण का?

एक अडचण खरी आहे. बायफोकल प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात नसतं. ज्याच्या गावाजवळ ते नव्हतं, त्याला हा पायाभूत पेपर हवाच. पण म्हणून तो सगळ्यांवर सक्तीचा का? पहिल्या आठवड्यात एक छोटी चाचणी घ्या. पास होणाऱ्याला तेवढ्याच क्रेडिटचा पुढचा कोर्स द्या. कोणाची डिग्री लहान होणार नाही, फक्त कोणाचे तास वाया जाणार नाहीत. शहरातल्या मुलाचा एक तास जातो, कुंभिवलीच्या मुलाचा तो तास आणि वर येण्या-जाण्याचा वेळ.

तोवर हातात काय आहे? 'स्वयम्'. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार सेमिस्टरमधल्या 40 टक्क्यांपर्यंत कोर्सेस स्वयम् वर करता येतात. लेक्चर घरून, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. पण आधी कोर्स करून मग सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात गेलात तर फसाल. कॉलेजने तो कोर्स मान्य केलेला असायला हवा.

त्यामुळे यंदा ओपन इलेक्टिव्हचा फॉर्म भरताना मित्राने काय घेतलं एवढंच बघू नका. विभागप्रमुखांना सरळ विचारा, "सर, या पेपरऐवजी स्वयम् चा कोणता कोर्स चालेल?" उत्तर लेखी मागा. एकट्याने विचारलंत तर 'नंतर बघू' होईल. दहा जण मिळून विचारा, टाइमटेबल लावणाऱ्यांनाही विचार करावा लागेल.