पांढरा वर, तांबडा खाली

नागपूर-कलकत्ता लोहमार्गास जबलपुराकडून येणारी अरुंद रुळांची गाडी जेथे मिळत असे, ते गोंदिया १९२३ साली मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत होते. झेंडा सत्याग्रहाच्या त्या वर्षी आंदोलनाची दोन्ही केंद्रे, जबलपूर व नागपूर, आपल्याशी रुळांनी जोडलेली असूनही, त्या झेंड्याची ओळख आमच्या शाळांतून दिली जात नसेल, तर तो दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

त्या झेंड्यावर सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा आणि तळाशी तांबडा पट्टा असून तिन्हींवर चरखा रेखाटलेला असे. १९२१ साली पिंगली वेंकय्यांनी हिंदू व मुसलमान यांचे निदर्शक असे तांबडा व हिरवा हे दोनच रंग योजले होते. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची, आणि इतर समाजांसाठी पांढऱ्याची भर घातली ती गांधीजींनी. संख्येने अल्प त्यांस अग्रस्थान द्यावे आणि बहुसंख्यांनी तळाशी राहून दुर्बलांची ढाल व्हावे, असा या क्रमाचा आशय होता. माझ्या मते त्या ध्वजातील सर्वांत उदात्त कल्पना हीच. पुढे शिखांनी आपलाही रंग मागितला, आणि अशा मागण्यांस अंत राहणार नाही हे ओळखून १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम लावून रंगांस जातिधर्मांऐवजी गुणांचे अर्थ दिले. निर्णय शहाणपणाचाच होता. परंतु बहुसंख्यांवर कर्तव्य सोपविणारी ती जुनी मांडणी त्यात लोपली, हे नाकारता येत नाही.

१९२३ साली नागपुरात तंटा कापडाचा नव्हताच, रस्त्याचा होता. गोऱ्या अंमलदारांच्या सिव्हिल लाइन्समधून झेंडा नेण्यास सरकारची मनाई, म्हणून तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. सत्याग्रहाचे पुढारी जमनालाल बजाज यांनी दंड भरण्याचे नाकारल्यावर त्यांची मोटार जप्त झाली, पण नागपुरात तिच्या लिलावास बोली लावणारा एकही गिऱ्हाईक निघाला नाही. सरकारी जप्तीची याहून मोठी फजिती आमच्या प्रांताने क्वचितच पाहिली असेल! अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली.

जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेत या झेंड्याचे रंगीत चित्र, पट्ट्यांच्या क्रमाच्या खुलाशासह, लावावे. यास फारसा खर्च नाही आणि मंजुरीसाठी मुंबईकडे डोळे लावण्याचेही कारण नाही.