पैलवान झोपतो, हृदय झोपत नाही

पनवेलच्या वडाळे तलावावरच्या आमच्या सकाळच्या मंडळात या आठवड्यात एक कागद हातोहात फिरला. सहा महिन्यांपूर्वी महाधमनीची अरुंद झालेली झडप बदललेल्या मित्राचा इको. हृदयाच्या भिंतीची जाडी 15 मिलिमीटरवरून 13 वर आलेली. अजून जाडच, म्हणून मंडळाचा निकाल: 'ऑपरेशन फुकट गेलं!' ऑपरेशननंतर हार घालताना हीच मंडळी 'आता हृदय नवं कोरं' म्हणत होती. 'दम लागतो म्हणजे वय झालं' हेही त्यांचंच.

वर एकानं सुनावलं, 'पैलवानाचं हृदयही जाड होतंच की!' होतं ना. पण पैलवान दोन-तीन तास घाम गाळतो, खुराक घेतो, ताणून देतो. तालीम सुटली की काही महिन्यांत हृदयाचा जाडपणाही उतरतो. अरुंद झडपेमागच्या हृदयाला सुट्टी कुठली? निरोगी झडप 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते, आजार बळावला की 1 पेक्षाही कमी. तेवढ्या फटीतून दिवसाला सुमारे 1 लाख वेळा रक्त रेटायचं. दंडावरचं यंत्र 120 दाखवत असतं, तेव्हा आतल्या कप्प्यात 180 चा दाब असू शकतो. स्नायू जाड होत जातो, त्याला रक्त पुरेनासं होतं, काही पेशी मरतात आणि तिथे वण पडतो. पैलवानाच्या हृदयात सहसा असा वण नसतो. सगळा फरक इथेच आहे.

झडप बदलली की ओझं टेबलावरच उतरतं. फुगलेल्या पेशी बारीक होऊ लागतात. पहिल्या सहा महिने-वर्षात जास्त, पुढे काही वर्षं हळूहळू. पेशींमधलं तंतूंचं जाळंही थोडं विरतं. वण मात्र जात नाही. तेव्हा पंधराचे तेरा ही चांगली बातमी आहे. ऑपरेशनआधी दम लागत असताना मित्रानं घरी बसून काढलेली दोन वर्षं, ती वाईट.

दुसरा अडथळा रक्तदाबाचा. झडप मोकळी झाली, पण पुढच्या धमन्यांत दाब चढलेलाच, तर हृदयाला रेटा द्यावाच लागतो. एक्स्प्रेसवेवरून सुसाट यावं आणि पनवेलजवळ पळस्प्याच्या फाट्यावर अडकावं, तसं. तिथून पुढे गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतोय. पनवेलकरांचा अर्धा रक्तदाब त्या फाट्यावर वाढतो, हे माझं जुनं मत. पुरावा नाही, संध्याकाळी तिथे उभं राहून बघा.

आमच्या मित्रानं तर ऑपरेशननंतर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. आता सुरू केलीय. पुढचा इको वर्ष भरल्यावर. त्याला सांगितलंय, शक्यतो त्याच ठिकाणी काढ, मोजणाऱ्याच्या हातानं एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे होतो. ऑपरेशनआधीचा रिपोर्ट बरोबर ने. मंडळाला नेऊ नकोस.